आई-वडिलांच्या नावाने गावासाठी निधी सुरू करायचाय? खान्देशातल्या देणगीदारांसाठी पहिल्या पायरीपासून मार्गदर्शन

सुरत, नाशिक, पुणे, मुंबई इथे स्थायिक झालेल्या खान्देशी कुटुंबांत एक विषय हमखास निघतो. वडिलांचे वर्षश्राद्ध आटोपते, भावंडे ओट्यावर बसतात आणि कोणीतरी म्हणते, "अप्पांच्या नावाने गावात काहीतरी करू." रक्कम जमायला वेळ लागत नाही. गाडी अडते ती पुढे. पैसा कोणाच्या खात्यात ठेवायचा, मुले कोण निवडणार, आपल्यानंतर हे कोण बघणार, याचे उत्तर कोणाकडे नसते. मग शाळेला एक कमान, नाहीतर पाण्याची टाकी होते आणि विषय मिटतो.

आमच्या कुटुंबाने आईच्या नावाचा शिष्यवृत्ती निधी आपल्या भागातल्या एका सामाईक ट्रस्टमध्ये ठेवला. पुढे त्याच ट्रस्टच्या निवड समितीवरही मी काम करू लागलो. त्यामुळे देणाऱ्याची बाजू आणि वाटणाऱ्याची बाजू, दोन्ही जवळून पाहिल्या. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने लिहितो.

सामाईक ट्रस्ट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. नोंदणी एकाच ट्रस्टची, ऑडिट एकच, विश्वस्त मंडळही एकच. त्याच्या पोटात अनेक कुटुंबांचे, गावांचे, माजी विद्यार्थ्यांचे वेगवेगळ्या नावांचे निधी. प्रत्येक निधीचा हिशेब वेगळा, गुंतवणूक मात्र एकत्र. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या अध्यक्षाने ही पद्धत सुरू केली. मुंबईत 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' १९९० च्या दशकापासून याच धर्तीवर शहरापुरते काम करत आला आहे. खान्देशात मोठ्या दात्यांची परंपरा जुनीच आहे. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींच्या दानातून उभे राहिले. पण दोन-पाच लाख देऊ शकणाऱ्या शिक्षकाला, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाला स्वतःची संस्था काढणे परवडत नाही. सामाईक ट्रस्टची सोय त्यांच्यासाठी आहे.

१. रक्कम नंतर, आधी हेतू आणि मुदत

"गावासाठी काहीतरी" हा हेतू होत नाही. एका वाक्यात लिहून काढा: कोणाला, कशासाठी, कोणत्या भागात. उदाहरणार्थ, "शिरपूर आणि चोपडा तालुक्यांतल्या, दहावीनंतर बाहेरगावी शिकणाऱ्या मुलींच्या राहण्या-जेवणाचा खर्च." एवढे नेमके लिहिले की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत.

मग मुदत. पैसा कायम ठेवून फक्त व्याज वापरायचे, की पाच-सात वर्षांत सगळी रक्कम खर्चून टाकायची? आपल्याकडे कायम निधीची ओढ जास्त, कारण नाव राहते. पण हिशेब करून बघा. ५ लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५,००० येतात. त्यातले ५,००० ट्रस्टच्या व्यवस्थापनाला आणि ५,००० महागाईपोटी मूळ निधीत परत टाकले तर हातात उरतात २५,०००. दोन मुलींची मेस, तीही वर्षभराची नाही. तेच ५ लाख पाच वर्षांत संपवायचे ठरवले तर दरवर्षी लाखभर रुपये वापरता येतात. माझे मत स्पष्ट आहे. रक्कम १० लाखांच्या आत असेल आणि पुढे भर पडण्याची खात्री नसेल, तर खर्चून टाकण्याचा निधी करा. एखाद्या मुलीचे नर्सिंग पूर्ण होणे हे दगडावर कोरलेल्या नावापेक्षा मोठे आहे.

२. स्वतःचा ट्रस्ट काढण्याची घाई नको

वकील म्हणतील, "पंधरा दिवसांत करून देतो." नोंदणी होईलही. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट नोंदवला की दरवर्षीचे काम मागे लागते. हिशेब, ऑडिट, धर्मादाय कार्यालयात ताळेबंद दाखल करणे, आयकर विवरण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. वर्षाला २५,००० वाटणाऱ्या निधीसाठी सीएची फीच त्या रकमेच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. आणि दुसऱ्या पिढीत भावा-भावांचे पटले नाही तर बदल अर्जावर हरकती येतात, तारखा पडत राहतात. तोवर बँक सही बदलून देत नाही आणि पैसा पडून राहतो.

निधी मोठा असेल, स्वतःची शाळा किंवा दवाखाना चालवायचा असेल, तरच स्वतंत्र संस्थेचा विचार करा.

३. ट्रस्ट पारखून घ्या

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चांगले काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि नुसत्या लेटरहेडवर जगणाऱ्याही आहेत. ओळखीवर जाऊ नका. पुढचे कागद मागा. चांगला ट्रस्ट ते आनंदाने देतो.

– नोंदणी प्रमाणपत्र. क्रमांकाआधी 'ई' किंवा 'एफ' असे अक्षर असते. 'एफ' म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही नोंदलेली संस्था.
– परिशिष्ट १ चा अलीकडचा उतारा. यात विश्वस्तांची नावे आणि मिळकती असतात. तुमच्याशी बोलणाऱ्या अध्यक्ष-सचिवांची नावे या उताऱ्यावर आहेत का, हे आधी बघा.
– ट्रस्ट डीड किंवा घटना. तुमचा हेतू तिच्या उद्देशांत बसतो का? संस्थेचा उद्देश फक्त वाचनालय असेल तर वैद्यकीय मदतीचा निधी तिथे चालणार नाही.
– मागच्या तीन वर्षांचे ऑडिट आणि ताळेबंद. निरनिराळे निधी वेगवेगळ्या ओळींवर दाखवले आहेत का ते पाहा. सगळे 'इतर देणग्या' या एकाच शीर्षाखाली असेल तर तुमचा निधीही तिथेच हरवेल.
– पॅन, आयकराचे १२एबी नोंदणीपत्र (ट्रस्टच्या स्वतःच्या करमाफीसाठी) आणि ८०जी मान्यतापत्र (देणगीदाराच्या करसवलतीसाठी). दोन्हींची मुदत बघा. २०२१ पासून ही मान्यता कायमची मिळत नाही, ठरावीक वर्षांनी नवी करावी लागते.

परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर शंका आली तर जळगाव किंवा धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन नकलेचा अर्ज करता येतो. उताऱ्यावर जुने विश्वस्त आणि खुर्चीत नवे, असे दिसले की बदल अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे लेखी विचारा. अर्ज मंजूर होईपर्यंत पैसे थांबवा.

आणखी एक प्रश्न तोंडी विचाराच: "तुमच्या ठेवी कुठे आहेत?" पतसंस्था बुडाल्याचा घाव जळगाव जिल्ह्याने सोसलेला आहे. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवता येतो ते वर सांगितलेल्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ मध्ये ठरलेले आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. "अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे ठेवलंय" असे उत्तर आले तर चहा पिऊन नमस्कार करा आणि निघा.

४. करारपत्र सविस्तर करा

तोंडी बोलणे कितीही गोड असो, निधीचे करारपत्र दोन प्रतींत हवे. विश्वस्त मंडळाचा ठराव क्रमांक त्यावर हवा. त्यात निधीचे नाव, हेतू, कायम की मुदतीचा, व्याजातला कोणता भाग वाटायचा, व्यवस्थापन खर्च किती टक्के, निवड समितीत कोण, आणि वार्षिक अहवाल कधी मिळणार हे लिहा.

दोन मुद्दे बहुतेकांना खटकतात, म्हणून नीट सांगतो.

पहिला मुद्दा: दिलेला पैसा तुमचा राहत नाही. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी निवड समितीत बसून सल्ला देऊ शकता, पण अंतिम निर्णय विश्वस्तांचा. शिष्यवृत्ती तुमच्या पुतण्याला देता येणार नाही. देणगीदाराच्या नातलगांनाच फायदा झाला तर निधी गावाचा राहत नाही. समितीत आलेल्या पहिल्या अर्जातच आडनाव ओळखीचे निघते, म्हणून ही ओळ करारात स्पष्ट असू द्या. नकार द्यायला कागदाचा आधार होतो.

दुसरा मुद्दा: हेतू कालबाह्य झाला तर काय? गॉफ यांना सामाईक निधीची कल्पना सुचली तीच या अडचणीतून. जुन्या दात्यांनी ज्या कामासाठी पैसा ठेवला ते काम उरले नव्हते आणि पैसा नुसता अडकून पडला होता. आज तुम्ही "मुलींना सायकली" लिहाल, उद्या गावात एसटी येईल. म्हणून एक कलम टाका: "हा हेतू अशक्य किंवा अनावश्यक झाल्यास विश्वस्त मंडळ त्याच तालुक्यातल्या मुलींच्या शिक्षणासाठी निधी वापरेल." हे नसेल तर बदलासाठी धर्मादाय यंत्रणेकडे आणि न्यायालयात जाण्याची वेळ येते.

समाजापुरत्या शिष्यवृत्तीचा विचार असेल तर इथे थांबा. फक्त एका जातीच्या किंवा धर्माच्या लोकांसाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठीच्या कामाला मात्र ही अडचण येत नाही. समाजाच्या मेळाव्यात लाखांचे आकडे जाहीर होतात आणि नंतर देणगीदार करसवलतीची पावती मागतात, तेव्हा पदाधिकाऱ्यांची पंचाईत होते. "तालुक्यातील गरजू विद्यार्थिनी" असा हेतू ठेवा. तुमच्या समाजातली गरजू मुलगीही त्यात येतेच.

५. पैसे देताना

चेक किंवा बँकेतून थेट ट्रस्टच्या खात्यात. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही. रकमेसोबत सही केलेले पत्र द्या, त्यावर तुमचा पॅन आणि पत्ता असू द्या. निधी कायम ठेवायचा असेल तर "ही रक्कम कॉर्पस म्हणून देत आहे" हे वाक्य पत्रात हवेच. ते नसेल तर रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि ट्रस्टला तिचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्च करण्याचे बंधन येते.

पावती लगेच घ्या. पण सवलतीसाठी नुसती पावती पुरत नाही. ट्रस्टने देणगीदारांची यादी आयकर खात्याला ३१ मे पर्यंत पाठवायची असते आणि त्यातून तुमचे प्रमाणपत्र निघते. आजवर ते १०बीई या नावाने ओळखले गेले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा चालू क्रमांक सीएला विचारा. सवलत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. नव्या प्रणालीत असाल तर करासाठी देऊ नका, गावासाठी द्या.

वस्तू, जमीन आणि शेअर्स यांवर ८०जी नाही. विप्रो कंपनी १९४५ साली अमळनेरातच सुरू झाली, म्हणून तिथल्या काही घरांत जुने शेअर्स आहेत. ते दान करायचे असतील तर आधी विका, भांडवली नफ्याचा कर सीएकडून समजून घ्या, आणि रक्कम द्या. शेतजमिनीच्या बाबतीत तर माझा ठाम सल्ला "देऊ नका" असाच आहे. बक्षीसपत्र, सात-बारा, भाऊबंदांच्या हरकती हे सगळे आलेच. शिवाय ट्रस्टच्या नावावर गेलेली जमीन पुढे विकायची तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

परदेशातल्या भावाचा वाटा असेल तर त्याचे नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर धरली जाते, मग तो सख्खा भाऊ का असेना. अशी रक्कम फक्त एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या ट्रस्टला आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातूनच घेता येते. "माझ्या खात्यात टाक, मी भरतो" हा मार्ग कोणी सुचवला तर अजिबात ऐकू नका.

६. गावाला सोबत घ्यायचे तर

कानबाईच्या सणाला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाहेरगावची माणसे घरी येतात. लोकवर्गणीचा विषय काढायला याहून चांगली वेळ नाही. मात्र आधी ट्रस्टशी बोलून निधीचे नाव आणि खाते पक्के करा, मगच आवाहन करा. नोंदणी नसलेल्या मंडळाने किंवा पाच-सहा मित्रांनी वर्गणी गोळा करायची तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. सामाईक ट्रस्टच्या नावाने, त्याच्या पावतीपुस्तकावर गोळा केली तर हा प्रश्न उरत नाही.

क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच लावा. एखाद्या उत्साही तरुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे जमा होऊ लागले की हिशेब चोख असूनही गावात कुजबूज सुरू होते. बिचाऱ्याने चांगल्या मनाने केलेले काम त्याच्याच अंगावर येते. १०१ रुपये देणाऱ्या आजीलाही पावती द्या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकताना रक्कम न लिहिता फक्त नावे लिहा. त्याने देणारे वाढतात.

७. वाटपाचे वेळापत्रक जून महिन्यावर बांधा

सगळ्यांत मोठा सापळा इथे आहे. बहुतेक ट्रस्ट शिष्यवृत्ती १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला किंवा दात्याच्या पुण्यतिथीला वाटतात. कार्यक्रम छान होतो, हारतुरे होतात. पण मुलीला पैसा लागतो जूनमध्ये.

आपल्याकडच्या कोरडवाहू घराचे वर्ष बघा. कापसाचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे यायला लागतो. तो उधारी, लग्नकार्य आणि औषधपाणी यांत उन्हाळ्यापर्यंत संपतो. जूनमध्ये बियाणे, खत, पेरणी. नेमके तेव्हाच अकरावीचे, डिप्लोमाचे, नर्सिंगचे प्रवेश सुरू होतात आणि हॉस्टेलची अनामत व मेसचा पहिला महिना रोख भरावा लागतो. सरकारी शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येते, पण प्रवेशानंतर बऱ्याच महिन्यांनी. मधल्या काळात मुलगी घरी राहिली की ती कायमची घरी राहिली.

समितीसमोर एकदा चोपडा तालुक्यातला एक अर्ज आला. वहीच्या फाडलेल्या दुरेघी पानावर, निळ्या पेनाने. दहावीची गुणपत्रिका सोबत होती, उत्पन्नाचा दाखला नव्हता. वडील बाहेर बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. विचारले तर म्हणाले, "पोर हुशार शे, पन आते हातमा पैसा नही." दाखल्याचा अर्ज केला होता, तहसीलमधून यायचा होता. नियमाप्रमाणे अर्ज अपुरा. आम्ही अनामतीची रक्कम थेट हॉस्टेलच्या खात्यात पाठवली आणि दाखला ऑगस्टअखेर जोडण्याची अट घातली. असे करता आले, कारण त्या निधीच्या करारात 'तातडीची रक्कम' असे कलम होते. तुमच्याही करारात ते घाला: एकूण वाटपाच्या २०-२५ टक्के भाग कागद अपुरे असतानाही थेट संस्थेला देता येईल.

म्हणून वेळापत्रक असे ठेवा. मार्चमध्ये शाळांना आणि आश्रमशाळांना पत्रे. एप्रिल-मेमध्ये अर्ज. निकाल लागताच आठवड्याभरात निवड. पैसे जूनमध्ये. कार्यक्रम करायचाच तर पुढे केव्हाही करा. याचा गुंतवणुकीशीही संबंध आहे. ठेवीचे व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होऊ द्या, म्हणजे जूनमध्ये ठेव मोडावी लागत नाही.

अर्जासोबत मागायचे कागद कमीत कमी ठेवा: गुणपत्रिका, बोनाफाईड किंवा प्रवेशपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलीच्या नावाचे पासबुक, आधारची प्रत. रेशनकार्ड, रहिवासी दाखला, सरपंचाचे पत्र, नगरसेवकाची शिफारस यांची गरज नाही. प्रत्येक जादा कागद म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पालकाची एक मजुरी बुडते. अर्ज मराठीत असावा, आणि पावरी किंवा अहिराणी बोलणारा एक माणूस समितीत असावा. शक्य असेल तिथे समितीतल्या एकाने घरी जाऊन यावे. अर्धा तास ओट्यावर बसले की उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा जास्त कळते.

८. दरवर्षी काय मागायचे

ट्रस्टचे वर्ष ३१ मार्चला संपते. ऑडिट झाल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास तुमच्या निधीचे एक पान मागा: सुरुवातीची शिल्लक, व्याज, नवी भर, वाटप, व्यवस्थापन खर्च, अखेरची शिल्लक. सोबत लाभार्थींची संख्या, गावे आणि ती मुले पुढच्या वर्षात गेली का एवढी माहिती. मुलींचे फोटो मागू नका. मदत घेतल्याचा फोटो आयुष्यभर फिरत राहतो.

सलग दोन वर्षे हे पान आले नाही तर विश्वस्त मंडळाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तरीही उत्तर नसेल तर धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते. करारपत्राची तुमची प्रत तेव्हा कामाला येते.

९. मृत्युपत्रातून भर

पुष्कळ जणांना हयातीत मोठी रक्कम देणे जमत नाही, पण मागे ठेवायची इच्छा असते. मृत्युपत्रात नुसते "गावच्या ट्रस्टला" असे लिहू नका. ट्रस्टचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन आणि तुमच्या निधीचे करारातले नाव लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि साक्षीदार वारस नसलेले असावेत. एक प्रत ट्रस्टच्या कार्यालयात पाकिटात देऊन ठेवा आणि मुलांना सांगून ठेवा की पाकीट तिथे आहे.